आईच्या पाच गोळ्या: काय ठेवायचं, काय थांबवायचं आणि कधी घ्यायचं

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. आई जिंतूरला, वय 54, शाकाहारी. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, सकाळी थायरॉईडची गोळी, रोज पित्ताची पँटोप्राझोल. तळपायाला मुंग्या येतात, थकवा आहे. मेडिकलमधून विचारून आणलेल्या पाच गोष्टी: मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी, डी-3 ची पुडी, ‘नसांची’ कॅप्सूल आणि रक्तवाढीची गोळी. सगळं सकाळच्या चहाबरोबर एकदम. गरोदर वहिनींनी यातलं काही घ्यावं का, हाही प्रश्न आहे. घरात तीन वर्षांचं मूल आहे.

आधी पाकिटं उलटी करा आणि मागचा बारीक मजकूर एका कागदावर उतरवून काढा. पुढच्या बाजूचं नाव आणि पालेभाजीचं चित्र यांना काही अर्थ नाही. लिहून झालं की एकच घटक दोन-तीन पाकिटांत दिसेल. डी-3 तर पुडीत आहेच, पण कॅल्शियमच्या गोळीत आणि मल्टीव्हिटॅमिनमध्येही बहुधा असेल. बी-12 सुद्धा दोन ठिकाणी सापडेल. एकके नीट बघा: डी-3 चे 40 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) म्हणजे 1 मायक्रोग्रॅम. म्हणून एका पाकिटावर 15 मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्यावर 600 आययू लिहिलेलं असलं तरी माल तोच.

‘नसांची’ कॅप्सूल आधी तपासा, माझी खरी काळजी तिथे आहे. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-12, ते ठीक. पण त्याच कॅप्सूलमध्ये प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन लिहिलेलं असेल, तर ते जीवनसत्त्व नाही. ते नसांच्या वेदनेवरचं, चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे. त्याने गुंगी येते, चक्कर येते, पाय सुजतात, वजन वाढतं, आणि किडनी कमी काम करत असेल तर डोस कमी करावा लागतो. आपल्याकडे हे ‘ताकदीचं’ म्हणून सर्रास दिलं जातं, आणि म्हातारी माणसं रात्री मोरीकडे जाताना पडतात. काही आठवडे चालू असेल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायचं असतं.

आता मुंग्या. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी या तिन्ही गोष्टी बी-12 कमी करणाऱ्या आहेत, आणि आईंच्या बाबतीत तिन्ही एकत्र आहेत. शुगरनेही मुंग्या येतात, म्हणून अंदाजाने ठरवू नका. बी-12 ची रक्ततपासणी करा, आणि ही तपासणी बी-12 ची वेगळी, 1000 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करण्याआधी करा. गोळ्या सुरू झाल्या की आकडा वर जातो आणि मूळ परिस्थिती कळत नाही. 200 पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता समजतात, 200 ते 300 हा संशयाचा पट्टा. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करा. बी-12 कमी असेल तर तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर एमसीव्हीचा (तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचा) आकडा नॉर्मल दिसतो आणि रिपोर्ट फसवतो.

शरीराची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच आहे, मग गोळी 1000 मायक्रोग्रॅमची का? कारण आतड्यातली नेहमीची शोषणाची वाट एका वेळी फारच थोडं आत घेते. बाकीच्यातलं साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणून मोठा डोस दिला की पुरेसं पोचतं. मल्टीव्हिटॅमिनमधल्या चार-दोन मायक्रोग्रॅमने कमतरता भरून निघत नाही. मुंग्यांबरोबर चालताना तोल जाणं किंवा विसरभोळेपणा असेल तर गोळीवर थांबू नका, इंजेक्शनचा निर्णय लवकर व्हायला हवा. आणि एकटं फॉलिक ॲसिड देऊ नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, सगळं ठीक दिसतं, आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं.

रक्तवाढीची गोळी तूर्त बाजूला ठेवा. 54 व्या वर्षी, पाळी गेल्यावर लोह कमी झालं असेल तर ते कुठे जातंय हे शोधावं लागतं: मूळव्याध, गुडघ्यासाठी खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी झालेला अल्सर, आतड्यातली गाठ. गोळीने हिमोग्लोबिन वाढलं की हा शोधच मागे पडतो. आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करा. ते कमी निघालं तर गोळी द्याच, हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवा, म्हणजे साठा भरतो. एमसीव्ही खूप कमी पण फेरिटिन नॉर्मल असेल तर थॅलेसेमिया मायनरची (रक्ताच्या सौम्य आनुवंशिक दोषाची) शंका घ्या. त्यात लोह देऊन उपयोग होत नाही, उलट साचत जातं. गोळीवर ‘मूलतत्त्व लोह’, म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती आहे तेही वाचा. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या तिसरा हिस्साच लोह असतं. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीची असेल तर मात्र रक्त असू शकतं.

डी-3 ची पुडी 60,000 आययूची असते. ती आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं. रोजची समजून घेतली की गडबड होते. जास्तीचं बी आणि सी बहुतांशी लघवीतून निघून जातं, डी चरबीत साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग तहान, उलट्या, पोट कडक होणं, गोंधळल्यासारखं वागणं, आणि पुढे किडनीवर परिणाम. म्हणून वार ठरवा, कालनिर्णयवर त्या वाराला खूण करा, आणि आठवी खूण झाली की बंद. पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर नको.

मराठवाड्यात उन्हाला तोटा नसताना डी कमी कसं, असं तुम्ही विचारलंय. सकाळच्या कोवळ्या उन्हाची कीर्ती मोठी आहे, पण ते तिरपं असतं आणि त्यात डी तयार करणारे किरण फारच कमी असतात. ते साधारण दहा ते तीनच्या उन्हात असतात. त्या वेळी बायका एकतर घरात, नाहीतर शेतात डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेल्या. सावळ्या त्वचेला वेळही जास्त लागतो. मे महिन्यात 43-44 अंशांत उभं राहा असं कोणी म्हणणार नाही, दहाच्या सुमारास हात उघडे ठेवून थोडा वेळ पुरे.

कॅल्शियमचा हिशोब ताटावरून करा. गरज रोज 1000 मिलिग्रॅमच्या आसपास. अर्धा लिटर दूध-दह्यातून 600 च्या जवळपास मिळतं, वर तीळ, राजगिरा, पालेभाज्या. मग 500 ची एक गोळी पुरते, दोन कशाला? कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात 500 मिलिग्रॅम कॅल्शियम, हेही मागे लिहिलेलं असतं. कार्बोनेटला पोटातलं ॲसिड लागतं. आईंना पँटोप्राझोल चालू आहे, म्हणून कॅल्शियम सायट्रेट जास्त सोयीचं. मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. ऊसतोडीला जाणाऱ्या, तरुणपणीच पिशवी काढलेल्या बायका बीड-धाराशिवकडे बऱ्याच आहेत. अशा बाईचे अंडाशयही काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तिथे नुसती कॅल्शियमची गोळी देऊन भागत नाही, हाडांची तपासणी करून घ्यावी.

वेळा अशा लावा. उठल्यावर थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. तिच्यात आणि लोह किंवा कॅल्शियममध्ये किमान चार तास. आतापर्यंत सगळं एकत्र घेतल्याने थायरॉईडची गोळी नीट लागूच पडली नसेल. वेळा बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करा, डोस कमी करावा लागू शकतो. कॅल्शियम दुपारच्या भाकरीबरोबर. लोह लागलंच तर संध्याकाळी पाचच्या सुमारास, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्याच्या आगेमागे एक-दोन तास नाही. बी-12 कधीही चालतं. तापासाठी डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लोक्सॅसिन मिळालं तर तेवढे दिवस लोह-कॅल्शियम थांबवलेलं सोपं.

मल्टीव्हिटॅमिन बंद केलं तरी चालेल. त्यात केसांसाठी म्हणून बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) मिलिग्रॅममध्ये असेल तर थायरॉईडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवाच, त्याने रिपोर्ट खोटे येतात. झिंक 40 मिलिग्रॅमच्या वर महिनोन्‌महिने घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं. बी-6 जास्त डोसमध्ये फार दिवस घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात, मग गंमतच.

वहिनींनी या पाकिटांना हात लावू नये. आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारी लाल गोळी (60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) चौथ्या महिन्यापासून रोज एक, आणि कॅल्शियमच्या 500 च्या दोन गोळ्या वेगळ्या वेळी. फुकट आहे म्हणून हलकी नाही. खासगी डॉक्टरांनी वेगळं लोह लिहिलं असेल तर दोन्हीपैकी एकच घ्यायचं, हे त्यांनाच विचारून ठरवा. व्हिटॅमिन ए रेटिनॉल स्वरूपात 10,000 आययूच्या वर गर्भाला घातक आहे, माशाच्या यकृताच्या तेलातही ते असतं.

नवीन काही घेताना, औषध असेल तर पाकिटावर औषध उत्पादन परवाना क्रमांक असतो. पूरक आहार असेल तर एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा) 14 अंकी क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना. बी-12, कॅल्शियम जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं.

पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात डी-3 च्या मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. पाकिटावर 30 अंशांखाली लिहिलेलं असतं, तेव्हा आतल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात ठेवा, फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याजवळ नको. मुलाचा हात पोचणार नाही इतकं उंच, कारण लाल गोळी लहान मुलाला चॉकलेटसारखी दिसते आणि दहा-बारा किलोच्या मुलाला थोड्या गोळ्याही विषारी ठरतात. सुरुवातीला उलट्या-जुलाब होऊन मूल काही तास बरं दिसतं, मग अचानक ढासळतं. खाल्ल्याची शंका आली तरी उलटी करवू नका, वाट बघू नका. रिकामं पाकीट आणि उरलेल्या गोळ्या बरोबर घेऊन सरळ जिल्हा रुग्णालय गाठा.