घरगुती उत्पादनाचा हिशेब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (अमळनेर) : आम्ही चौघी उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे खानदेशी पापड) करून २४० रुपये किलोने घरूनच विकतो. ज्वारी, तीळ, मीठ व जळण मिळून किलोला ११० रुपये लागतात. प्रत्येकीचे सहा तास खर्चून दिवसाला १२ किलो माल होतो. एक दुकानदार २० टक्के कमिशनवर माल मागतो. द्यावा का?

उत्तर : किलोमागे १३० रुपये उरतात असे आपण धरले असणार, म्हणजे दिवसाचे १,५६० रुपये. त्यातून पिशवी, लेबल व तुटफूट यांसाठी किलोला १५ रुपये वजा केले, तर १,३८० रुपये राहतात आणि चौघींच्या २४ तासांना भागल्यावर ताशी साडेसत्तावन्न रुपये पडतात. दुकानदाराचे कमिशन किलोला ४८ रुपये होते. ते दिल्यावर हाच आकडा साडेतेहतीसवर येतो. ज्वारी भिजवणे, भरडणे, पहाटे उठून घाटा (ज्वारीचे शिजवलेले पीठ) हाटणे आणि दिवसभर वाळवणाची राखण करणे हे काम आहे, आणि त्याला मोल आहे. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरल्यामुळेच आपल्याकडचे असंख्य गृहउद्योग कागदावर नफ्यात दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. घरून विकला जाईल तेवढा माल आधी घरूनच विकावा. दुकानात द्यायचा झाल्यास भाव वाढवून द्यावा. बिबडे खानदेशाबाहेर सहज मिळत नाहीत, त्यामुळे पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांकडून वाढीव भाव मिळण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न (रावेर) : केळी वेफर्ससाठी यंत्र घ्यायचे आहे. ३५ टक्के अनुदान मिळते, हे धरून कर्ज काढावे का?

उत्तर : सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत हे प्रमाण असून कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे, आणि जळगाव जिल्ह्यासाठी केळी हेच उत्पादन निवडलेले आहे. मात्र अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षांनी, खाते नियमित असेल तरच, कर्जात वळते होते. तोपर्यंतचे हप्ते विक्रीतूनच निघाले पाहिजेत. म्हणून प्रथम घरच्या कढईत दोन महिने माल काढा, साल आणि पाणी गेल्यावर किती वेफर्स हाती येतात ते तोलून लिहून ठेवा आणि विक्रीच्या भावात तेलाचा खर्च भागतो का ते पाहा.

प्रश्न (धुळे) : पापड-मसाल्यासाठी नोंदणी किती लागते?

उत्तर : अन्नसुरक्षा नोंदणी आवश्यक आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते. तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. पापडावर जीएसटी नाही, मसाल्यावर आहे; पण राज्यातच विक्री असल्यास वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

प्रश्न (शहादा) : बचत गटातील प्रत्येकीने घरी वेगळा मसाला करावा की एकत्र?

उत्तर : मुंबईत १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तेथे पीठ एका ठिकाणी मळले जाते, लाटणे घरोघरी होते आणि आलेला पापड तपासूनच घेतला जातो. आपणही मिरची व मसाल्याचे प्रमाण एकीकडेच ठरवावे, कुटणे एकाच गिरणीत करावे आणि निवडणे व भरणे तेवढे घरी वाटून द्यावे. पावसाळ्यात वाळवण बंद पडते, तेव्हा मार्चमध्येच चार महिन्यांचा कच्चा माल घेण्यापुरती रक्कम गटाच्या खात्यात वेगळी काढून ठेवावी.