सोनेरी महाल कुणाचा?

प्रश्न : मुलगी छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) विद्यापीठात एम.ए.ला आहे. तिला वसतिगृहावर सोडायला गेलो तेव्हा डोंगराच्या पायथ्याचा सोनेरी महाल लांबूनच पाहिला. रिक्षावाला म्हणाला, निजामाचा. मुलगी म्हणते, औरंगजेबाचा. खरं काय? सोनं कुठं गेलं? आणि आता तिथं विद्यापीठाचं काय चालतं?
– एक वाचक, परतूर

उत्तर : दोघांचाही नाही. वाडा बुंदेल्यांचा, म्हणजे बुंदेलखंडातल्या रजपूत घराण्याचा. ओरछाचा पहाडसिंग सतराव्या शतकात मोगलांच्या चाकरीत दख्खनला आला, त्यानं तो बांधला. गंमत बघा, त्याचा भाऊ जुझारसिंग शाहजहानवर उलटला तेव्हा १६३५ साली त्याच्यावर जी फौज निघाली, तिचा नावापुरता सेनापती होता पोरसवदा औरंगजेब. भाऊ मारला गेला आणि पुढं ओरछाची गादी पहाडसिंगाला मिळाली. तिथला पहाडसिंगपुरा त्याच्याच नावाचा. कर्णपुऱ्याच्या जत्रेला तुम्ही आला असालच. तो कर्णपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा ही नावंही अशीच रजपूत सरदारांवरून पडलेली.

सोन्याचं म्हणाल तर पत्रा कधीच नव्हता. आतल्या दालनांत सोनेरी रंगात चित्रं काढलेली होती, त्यावरून नाव पडलं. आम्ही वसतिगृहात होतो तेव्हा उन्हाळ्यात गारव्याला तिथं जाऊन बसायचो. जाड भिंती, दगड, चुना आणि बोटाएवढ्या पातळ लाखोरी विटा. कमानीच्या आतल्या अंगाला तिरपं ऊन आलं की रंगाचे पुसट फराटे दिसायचे. ते शोधायला मुलीला सांगा, आणि हात लावू नको म्हणावं!

विद्यापीठ १९५८चं, म्हणजे महाल त्याच्या तीनशे वर्षं आधीचा. आवारातला वाटला तरी वास्तू राज्य पुरातत्त्व विभागाकडं आहे. आत त्यांचं वस्तुसंग्रहालय चालतं: मूर्ती, भांडी, शस्त्रं. मूर्तींपाशी घाई करू नका, मराठवाड्याच्या गावोगावचं शिल्पकाम एका छताखाली असं क्वचित बघायला मिळतं. वेरूळ महोत्सव पूर्वी लेण्यांपाशी व्हायचा, तो अलीकडं याच महालापुढं भरतो. विद्यापीठाचं स्वतःचं इतिहास वस्तुसंग्रहालय वेगळं आहे. दोन्हींची गल्लत होते.

पुढच्या खेपेला बीबी-का-मकबऱ्याच्या आधी इकडं या. तिकीट काढावं लागतं, गर्दी मात्र नसते.