ठाणे खाडीवर पक्षी पाहायला सुरुवात करताय? आधी भरतीची वेळ बघा

पहिल्या फेरीत फारसे पक्षी दिसले नाहीत, तरी नाराज होऊ नका. बहुतेक नवे लोक पहाटेच जातात. खाडीवर मात्र घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगलेले असतात. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोहोचा. पाणी चढेल तसे ते काठाकडे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी निवांत निघालात तरी चालेल.

सुरुवातीला एवढंच करा:

- कॅमेऱ्याआधी ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या.
- रोहित (फ्लेमिंगो), शेकाट्या (लांब लाल पायांचा), चित्रबलाक (रंगीत करकोचा), बगळे हे मोठे पक्षी आधी पक्के करा. रोहितांची चोच बघा: गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर मोठा रोहित, सगळीच गडद असेल तर छोटा.
- तुताऱ्या-चिखल्यांची (चिखलात चरणारे छोटे पक्षी) नावं पहिल्या हिवाळ्यात ओळखता आलीच पाहिजेत असं नाही. तेव्हा सगळे करडे-तपकिरीच दिसतात. पायांचा रंग आणि चोचीची लांबी तेवढी वहीत लिहा.

एप्रिलमध्ये मात्र नक्की जा. उत्तरेला परतण्याआधी पाणटिवळ्यांच्या (लांब चोचीचे, चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी) मानेवर विटकरी रंग चढलेला असतो, फार देखणे दिसतात! पावसाळ्यात स्थलांतरित कमी; तेव्हा बगळ्यांची विणीची पिसं बघा.

आणि फोटोसाठी चिखलात उतरून थवा उडवू नका. भरतीच्या वेळी त्यांना टेकायला जागा आधीच थोडी असते. पुढच्या फेरीला काय दिसलं ते जरूर कळवा.