पणजोबा ‘पाचव्या मराठा’त होते आणि ‘शैबा’ला गेले होते, एवढंच घरात ठाऊक आहे. त्यांची पलटण कशी शोधायची?

तुमच्याकडे दोनच शब्द उरलेत असं वाटत असेल, पण ते दोन्ही कामाचे आहेत. फक्त दोन्ही शब्दांना एकापेक्षा जास्त अर्थ आहेत. आधी ते सोडवू, मग कागदांकडे वळू.

‘पाचवी’ हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली ‘काळी पाचवी’. १७६९ साली उभी राहिलेली ही मुंबई इलाख्याची पलटण. पुढे तिचा क्रमांक मुंबईची ५ वी असा झाला आणि गणवेशाच्या काळ्या पट्ट्यांवरून हे टोपणनाव पडलं. १९०३ मध्ये हिंदुस्थानचे सरसेनापती लॉर्ड किचनर यांनी सगळ्या हिंदी पलटणींना नवे क्रमांक दिले, तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकात १०० मिळवले. ३ ची १०३ झाली, ५ ची १०५, १० ची ११०, १४ ची ११४, १६ ची ११६, १७ ची ११७. म्हणून पहिल्या महायुद्धात काळी पाचवी अधिकृत कागदांत ‘१०५ मराठा लाइट इन्फंट्री’ अशी दिसते.

दुसरी पाचवी म्हणजे संपूर्ण रेजिमेंट. १९२२ मध्ये या सहा पलटणी एकत्र करून ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ केली आणि केंद्र बेळगावला ठेवलं. १०३ ची १/५ झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५, म्हणजे प्रशिक्षण पलटण. तिरक्या रेघेच्या डावीकडे पलटण, उजवीकडे रेजिमेंट. यशवंत घाडगे यांना इटलीत १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते ३/५ चे, १९४५ चे नामदेव जाधव १/५ चे. दुसरं महायुद्ध संपल्यावर रेजिमेंटच्या नावातला ५ गळाला.

तिसरी पाचवी म्हणजे ५/५, पूर्वीची ११७. पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल तिला ‘रॉयल’ किताब मिळाला होता.

थोडक्यात, १९१४ ते १९१८ दरम्यान अधिकृतपणे ‘५ वी मराठा’ नावाची पलटणच नव्हती. घरातला शब्द एक तर काळ्या पाचवीचा, म्हणजे १०५ चा आहे, किंवा पणजोबा १९२२ नंतरही नोकरीत होते आणि नवं नाव मागच्या आठवणींवर चढलं. दुसरी शक्यता मला जास्त वाटते, कारण १९२२ नंतर निवृत्त झालेल्याच्या पेन्शनच्या कागदांवर नवंच नाव असणार. वंशाचा धागा आजपर्यंत आणायचा असेल तर एक जागा लक्षात ठेवा: ११० ची वारस ३ री मराठा पॅराशूट पलटण झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची २ री पलटण म्हणून तिकडे गेली. आजच्या मराठा रेजिमेंटमध्ये तिला शोधत बसलात तर ती सापडणार नाही.

आता शैबा. इराकातल्या बसऱ्याच्या नैर्ऋत्येला असलेली ही जागा. १२ ते १४ एप्रिल १९१५ ला इथे ऑटोमन सैन्याशी मोठी लढाई झाली, त्यात सहाव्या पुणे डिव्हिजनच्या ११० आणि ११७ या पलटणी होत्या. पण १९२० पासून हेच नाव ब्रिटिश हवाई दलाच्या तळाचं झालं. ८४ क्रमांकाची स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी) १९२० ते १९४० अशी वीस वर्षं तिथेच होती, आधी डीएच ९ए, मग वापिटी, व्हिन्सेंट आणि शेवटी ब्लेनहाइम विमानं घेऊन. एप्रिल १९४१ मध्ये इराकात हिंदी फौज उतरली तेव्हा कराचीहून आलेल्या ब्रिटिश पायदळाची विमानंही शैबालाच उतरली. तळ १९५६ पर्यंत ब्रिटिशांकडे होता. त्यामुळे ‘शैबा’बरोबर साल नसेल तर १९१५ ची लढाई, १९२० च्या दशकातली पहारेदारी आणि १९४१ नंतरची छावणी यांत फरक करता येत नाही. ‘विमानं पाहिली’ अशी आठवण घरात असेल तर मी आधी १९२० नंतरचा काळ तपासेन.

साल ठरवायला सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे पदक. पहिल्या महायुद्धासाठी दिलेलं ब्रिटिश वॉर मेडल (चांदीचं, सुमारे ३६ मिमी) आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ चा तारा (‘१९१४-१५ स्टार’ हे पदक) असेल तर हाच मजकूर मागच्या सपाट बाजूवर असतो. पदक घासू किंवा पॉलिश करू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात. अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च धरून कड थोडी थोडी फिरवत सहा-सात फोटो काढा, सावलीत अक्षर उठून दिसतं. तारा म्हणजे ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी युद्धक्षेत्रात हजेरी. तो सापडला तर आधी १०३, ११० आणि ११७ तपासा, कारण पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी याच तीन. जनरल सर्व्हिस मेडलवर ‘इराक’ची पट्टी असेल तर ती १० डिसेंबर १९१९ ते १७ नोव्हेंबर १९२० मधल्या बंडाच्या काळातली, महायुद्धातली नव्हे. वॉर मेडल कांस्याचं निघालं तर पणजोबा लढाऊ पलटणीत नसून मजूर किंवा बिनलढाऊ नोकर म्हणून गेले असण्याची शक्यता मोठी आहे. तेही बसऱ्याला हजारोंनी होते, आणि त्यांची नोंद पलटणीच्या इतिहासात नसते.

१०३, ११० किंवा ११७ निघाली तर तारखा फार जपून वाचा. तिन्ही पलटणी इराकातल्या कुत या शहराच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. हिंदी शिपायांना युद्धकैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलं आणि पुष्कळांना आजच्या सीरियातल्या रास अल ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्याच वेळी याच क्रमांकांच्या पलटणी हिंदुस्थानात नव्या माणसांनी पुन्हा उभ्या केल्या. त्यामुळे ‘११०, १९१७’ अशी नोंद कैद्याची असू शकते, किंवा कधीच कुत न पाहिलेल्या रंगरुटाची. भरती किंवा कैदेची तारीख मिळेपर्यंत यातलं काहीही गृहीत धरू नका.

कागदांचं म्हणाल तर, ते युद्धात मरण पावले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंद ऑनलाइन फुकट पाहता येते. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले मृत्यू तिथे आहेत. परत आलेल्यांची नावं तिथे नाहीत, हे बरेच जण विसरतात. शोधताना मराठा हा शब्द रोमन लिपीत जुन्या पद्धतीने लिहा: एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए. आडनावावर भिस्त ठेवू नका, कारकुनाने जाधवचं ‘जाधो’ आणि शिंदेचं ‘सिंदे’ केलेलं असतं. पलटण आणि गाव धरून शोधा, आणि जिल्हा तेव्हाचा द्या: आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत, वाळवा-तासगाव साताऱ्यात, रायगडचं नाव कुलाबा. गाव कोल्हापूर किंवा सावंतवाडीसारख्या संस्थानात असेल तर जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येतं.

पलटण रोज कुठे होती हे युद्धदैनंदिनीत मिळतं. पहिल्या महायुद्धाच्या दैनंदिन्या लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. त्या डिव्हिजन आणि ब्रिगेडच्या क्रमाने लावल्या आहेत, म्हणून हे आधी माहीत हवं: १०३ सतराव्या ब्रिगेडमध्ये, ११० अठराव्या, ११७ सोळाव्या, तिन्ही सहाव्या डिव्हिजनमध्ये. ११४ पुढे सतराव्या डिव्हिजनच्या चौतिसाव्या ब्रिगेडमध्ये होती आणि ऑक्टोबर १९१८ च्या, इराकातल्या शरकातच्या लढाईत लढली. हवाई तळाची रोजची नोंद हवी असेल तर ‘एअर २८’ आणि स्क्वॉड्रनची हवी तर ‘एअर २७’. दैनंदिनीत शिपायाचं नाव क्वचितच असतं, अधिकाऱ्यांची असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे हाच जुना स्पेलिंगचा नियम पाळा.

वैयक्तिक नोंदीसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेकॉर्ड्सला पत्र लिहा. नुसतं नाव पाठवलंत तर उत्तर मिळणं कठीण आहे. सेवा क्रमांक, हुद्दा, वडिलांचं नाव, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा आणि निवृत्तीचं साल, यांतलं जेवढं असेल तेवढं द्या. पेन्शन मिळत असल्यास पेन्शनचा क्रमांक सगळ्यात उपयोगी, तो जुन्या पासबुकात किंवा पणजींच्या कुटुंबपेन्शनच्या कागदावर सापडतो. पदकाच्या फोटोची प्रत सोबत जोडा.

गावात चावडीवर किंवा देवळाजवळ संगमरवरी पाटी आहे का तेही पाहा: या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. बहुतेक पाट्यांवर फक्त आकडे असतात, नावं नसतात. पण तो आकडा कमिशनच्या यादीत तुमच्या गावाखाली सापडणाऱ्या नावांशी ताडून पाहा. यादीत कमी नावं भरली तर उरलेल्यांच्या नोंदींत गावाचं किंवा आडनावाचं स्पेलिंग बिघडलेलं असण्याची शक्यता आहे. पणजोबांची नोंद स्पेलिंगमुळेच सापडत नसेल, तर त्या बिघडलेल्या रूपांवरून पुढचा शोध कोणत्या अक्षरांनी घ्यायचा तेही कळेल.