दोन पेशंटांत एकाच प्रजातीचा बॅक्टेरिया सापडला, पण जिनोम टेस्टमध्ये स्ट्रेन (एकाच प्रजातीतले उपप्रकार) वेगळे निघाले. म्हणजे संसर्ग एकमेकांकडून झाला नाही असं नक्की म्हणता येतं का?

नाही, नक्की असं म्हणता येत नाही. आणि तुम्हाला कोणी छातीठोकपणे "स्ट्रेन वेगळे, म्हणजे संबंध नाही" असं सांगितलं असेल तर त्यांना एवढंच विचारा, प्लाझ्मिड, म्हणजे जंतूतला डीएनएचा सुटा तुकडा, बघितलंत का? बहुतेक वेळा बघितलेलं नसतं. रिपोर्टवर एसटी (सिक्वेन्स टाइप, म्हणजे जंतूचं घराणं) नंबर छापून येतो, दोन नंबर जुळत नाहीत, आणि सगळे सुटलो बुवा म्हणून घरी जातात.

मी मायक्रोबायोलॉजीवाला आहे आणि नेमक्या ह्याच वाक्यावरून आमच्या डिपार्टमेंटमध्ये माझं एका सिनियर सरांशी चांगलंच वाजलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

झालं असं, की आयसीयूतल्या एका पेशंटच्या रक्तात कार्बापेनेम ह्या राखीव अँटिबायोटिकला दाद न देणारा क्लेबसिएला नावाचा जंतू आला. येतो कधीकधी. मग थोड्या दिवसांनी दुसऱ्या बेडवरच्या पेशंटच्या श्वासनळीतल्या ट्यूबच्या स्रावात पण क्लेबसिएला, पण कॉलनी बघूनच कळत होतं की हा भाऊ वेगळा आहे, पहिल्याची चिकट म्युकॉइड, लूप लावला की तार सुटणारी, आणि ह्याची साधी. मग तिसऱ्याच्या लघवीत ई. कोलाय. आणि तिन्हींमध्ये ऑक्सा-४८, म्हणजे कार्बापेनेम निकामी करणारा जीन, पॉझिटिव्ह. सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट आला तर दोन्ही क्लेबसिएलांचे एसटी वेगळे, ई. कोलाय तर प्रजातीच वेगळी. मीटिंगमध्ये सर म्हणाले, तीन वेगळे जंतू आहेत, आउटब्रेक नाही, मिनिट्समध्ये लिहून टाका. मी म्हटलं सर, तिघांत तोच जीन आहे. ते म्हणाले, तो काय आजकाल सगळीकडेच असतो. मी म्हटलं, मग तो कशावर बसलाय ते तरी बघू. त्यावर सर हसले आणि "नवीन नवीन पेपर वाचून आलायस वाटतं" म्हणाले, सगळ्यांसमोर. तो राग अजून गेलेला नाही हे तुम्हाला पुढे कळेलच.

आता हे एसटी प्रकरण काय आहे बघा. क्लेबसिएलात पाच हजारांच्या वर जीन असतात, त्यातले सात जीन बघून एसटी ठरतो. सात! आणि ते सातही हाउसकीपिंग, म्हणजे जंतूचा रोजचा गाडा हाकणारे, सहसा न हलणारे, म्हणूनच मुद्दाम निवडलेले. १९९८ ला मेनिंगोकॉकससाठी ही पद्धत आली तेव्हापासून जंतूची वंशावळ शोधायला ती झकास चाललीय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण औषधाला न जुमानणारा जीन वंशावळीतून आलेलाच नसेल तर वंशावळ बघून काय मिळणार? अख्खा जिनोम घेऊन एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) मोजले तरी तेच, ते मोजताना प्लाझ्मिडचा भाग बहुतेक जण आधीच बाजूला काढतात. प्लाझ्मिड हा क्रोमोसोमपासून सुटा असलेला डीएनएचा गोल तुकडा, स्वतःची कॉपी स्वतः काढतो आणि त्यातले बरेच एका जंतूतून दुसऱ्यात जातात, कधीकधी प्रजातीची वेस ओलांडून. म्हणजे वॉर्डात पसरत होता तो जंतू नव्हताच, प्लाझ्मिड पसरत होतं, असं होऊ शकतं, आणि होतं.

तर मग मी कोणाला न विचारता कॉन्जुगेशन लावलं, म्हणजे प्लाझ्मिड एका जंतूतून दुसऱ्यात जातं का ते बघायची टेस्ट. त्यात डोकं लागत नाही फार. सोडियम अझाइडला न मरणारा जे५३ नावाचा ई. कोलाय असतो, बऱ्याच लॅबच्या फ्रीजरमध्ये सापडतो, तो आणि पेशंटचा जंतू एकत्र वाढवायचे आणि मग अझाइड आणि अँटिबायोटिक दोन्ही घातलेल्या प्लेटवर टाकायचे. पेशंटचा जंतू अझाइडने मरतो, जे५३ अँटिबायोटिकने मरतो, वाढतो फक्त तो जे५३ ज्याने प्लाझ्मिड घेतलंय. दुसऱ्या दिवशी तिन्ही प्लेटा कॉलन्यांनी भरलेल्या! मग लाँग रीड, म्हणजे डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगसाठी भांडलो. हे का लागतं, तर नेहमीच्या शॉर्ट रीडमध्ये दीडशे-तीनशे बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) तुकडे मिळतात, प्लाझ्मिडवर इन्सर्शन सिक्वेन्स नावाचे एकसारखे रिपीट होणारे तुकडे बसलेले असतात, आणि जोडणारं सॉफ्टवेअर तिथेच अडकतं, त्यामुळे जीन आहे एवढं कळतं पण तो क्रोमोसोमवर आहे की प्लाझ्मिडवर, आणि कुठल्या प्लाझ्मिडवर, हे धड कळत नाही. लाँग रीडमध्ये पूर्ण गोल मिळाला. तिघांतही साधारण ६२ हजार बेसचं तेच प्लाझ्मिड. आणि आयसीयूतल्या वॉश बेसिनच्या ड्रेनमधून स्वॅब घेतला तर त्यात सिट्रोबॅक्टर नावाचा आणखी एक जंतू, आणि त्यातही तेच प्लाझ्मिड.

बेसिन बदललं गेलं. मिनिट्समधलं वाक्य तसंच राहिलं.

असो, एकाच प्रजातीत विविधता किती असते हेही सांगून टाकतो. भरपूर असते, आणि प्रजातीच्या नावावरून अंदाज येत नाही. २००२ मध्ये ई. कोलायचे तीन जिनोम शेजारी ठेवून बघितले होते, एक लॅबमधला बिनधोक के-१२, एक रक्ताचे जुलाब करणारा ओ१५७:एच७, एक मूत्रमार्गात संसर्ग करणारा. तिघांची मिळून जेवढी प्रथिनं, त्यातली फक्त ३९.२ टक्के तिघांतही होती. नाव एकच! आणि ह्याच्या बरोबर उलट टोक म्हणजे अँथ्रॅक्स. बॅसिलस अँथ्रासिस आणि त्याचा चुलतभाऊ सेरियस ह्यांचे क्रोमोसोम अगदी जवळचे, खरा फरक दोन प्लाझ्मिडांत, पीएक्सओ१ वर विषाचे जीन आणि पीएक्सओ२ वर कॅप्सूलचे, म्हणजे जंतूभोवतीच्या कवचाचे. दुसरं काढलं की जोर जातो, जनावरांना देतात ती स्टर्न लस म्हणजे हाच पीएक्सओ२ नसलेला स्ट्रेन. शेतात अळ्यांवर फवारतात तो थुरिंजेन्सिस पण त्याच घरातला, त्याचं अळी मारणारं विषही बहुतेक प्लाझ्मिडवरच. आता सांगा, इथे नुसता क्रोमोसोम बघून काय निदान करणार?

आणि प्लाझ्मिडकडे दुर्लक्ष फक्त आमच्याच सरांचं आहे असं नाही. २००६ मध्ये स्वीडनमध्ये क्लॅमिडियाचा (लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू) एक नवा प्रकार सापडला, त्याच्या प्लाझ्मिडमधून ३७७ बेसचा तुकडा गळालेला होता आणि काही पीसीआर टेस्ट नेमक्या त्याच तुकड्यावर बेतलेल्या होत्या. पेशंट आजारी, टेस्ट निगेटिव्ह, आणि जंतू आरामात पसरतोय.

अजून एक, कारण हेही त्याच मीटिंगमध्ये निघालं होतं: प्लाझ्मिडं अँटिबायोटिकमुळे तयार झाली असं लोक सर्रास बोलतात. नाही. मरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९१७ पासून १९५४ पर्यंत जंतू जमवून ठेवले होते, नाओमी दत्ता आणि ह्यूज यांनी ते १९८३ मध्ये तपासले तर आजच्याच गटांतली प्लाझ्मिडं त्यांत होती, फक्त त्यांवर रेझिस्टन्सचे जीन जवळपास नव्हतेच. गाडी जुनीच आहे, आपण तिच्यात माल भरला.

आता ज्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. एक, हे सगळ्या जंतूंना लागू नाही. टीबीच्या जंतूत प्लाझ्मिड नसतं, त्याचा रेझिस्टन्स क्रोमोसोमवरच्या म्युटेशनमुळे येतो, तिथे स्ट्रेन वेगळा निघाला तर बहुतेक खरंच संबंध नसतो. दोन, फ्रीजरमधल्या जंतूला अँटिबायोटिकशिवाय परत परत सबकल्चर केलं, म्हणजे नव्या प्लेटवर वाढवलं, तर प्लाझ्मिड गळू शकतं, मग "ह्यात नाहीच" असा रिपोर्ट येतो, तेव्हा तपासलं ते पहिलं आयसोलेट (पेशंटकडून मिळालेला मूळ जंतू) होतं का हे बघा.

तीन, आणि हे लिहायला जरा जिवावर येतंय, "तेच प्लाझ्मिड" एवढ्यावरही इथेच पसरलं असं सिद्ध होत नाही. ऑक्सा-४८ पहिल्यांदा सापडला तो २००१ मध्ये इस्तंबूलमधल्या एका क्लेबसिएलात, आणि त्याचं ते ६२ हजार बेसचं प्लाझ्मिड कितीतरी देशांत जवळपास जसंच्या तसं मिळतं. सरांनी नंतर हाच मुद्दा काढला. मुद्दा बरोबर आहे, पण तो त्यांना लाँग रीडचा रिझल्ट आल्यावर सुचला, त्याआधी ते एसटीवरच अडून बसले होते. आणि माझ्याकडे नुसतं प्लाझ्मिड नव्हतं, पेशंट एकाच वेळी एकाच आयसीयूत होते, तेच बेसिन वापरात होतं, आणि ड्रेनमध्ये चौथा जंतू तेच घेऊन बसला होता. सगळं मिळून बघायचं असतं.

त्यामुळे तुमच्या नातेवाइकांच्या किंवा तुमच्या स्वतःच्या बाबतीत हा प्रश्न असेल तर रिपोर्ट देणाऱ्यांना विचारा: रेझिस्टन्सचा जीन दोन्हींत तोच आहे का, तो प्लाझ्मिडवर आहे का, लाँग रीड केलंय का, आणि बेसिन-ड्रेनचे स्वॅब घेतले का. ह्यातलं काहीच केलं नसेल तर "संबंध आढळला नाही" ह्याचा अर्थ "शोधला नाही" एवढाच घ्या. आणि कोणी हसलं तर हसू द्या, स्वॅब मात्र मागा.