जांभळा रंग गेला म्हणून हुरळू नकोस

क्रोमोबॅक्टेरियम हे जिवाणू आपसात रासायनिक संकेतांनी संवाद साधून जांभळा रंग बनवतात. पण दालचिनीच्या तेलाने तो रंग गेला, एवढ्यावर जिवाणूंमधला संवाद तुटला असं लिहू नकोस. जिवाणू मेले तरी रंग जातोच. आधी एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढ, मग तिच्या पाव किंवा त्याहून कमी मात्रेवर काम कर. वाढीचा आलेख सोबत हवाच. तेल विरघळवायचं डीएमएसओ 1 टक्क्याच्या आत, आणि तेल न घातलेल्या कंट्रोलमध्येही तेवढंच.

बायोफिल्म म्हणजे प्लेटला चिकटलेला जिवाणूंचा थर; त्याला 0.1 टक्के क्रिस्टल व्हायोलेट हा रंग, 15 मिनिटं. धुताना पिपेटची धार मारू नकोस, थरच निघून येतो. प्लेट पाण्यात अलगद बुडवून उलटी कर. सुकली की 30 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये रंग विरघळवून 550 नॅनोमीटरला मोज. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लेटच्या कडेच्या वेल्स (खळगे) आटतात, त्यांत नुसतं निर्जंतुक पाणी भर. तेलाऐवजी हळदीतलं कुरकुमिन तपासत असशील तर प्लेटला फॉइल गुंडाळ, उजेडात ते टिकत नाही.