इंजिन बदललं, पण ईसीएमशी जमेना

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१२ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. गेल्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात बंद पडली, मी घाबरून परत परत सेल्फ मारला आणि पाणी आत ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला. गॅरेजवाल्याने कुर्ल्याहून रिट्झचं इंजिन आणून बसवलं, म्हणाला दोन्हींचं इंजिन के१२एमच, काही फरक नाही. गाडी चालू होते पण चेक लाइट जात नाही, पिकअप नाही, ॲव्हरेज पार पडलंय. आता तो म्हणतोय ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उडालाय, दुसरा जुना टाकू. टाकू का? (कोल्हापूर)

उत्तर : नका टाकू. निदान मी खाली सांगतोय ते बघितल्याशिवाय तर अजिबात नको, कारण तुमचा ईसीएम बहुधा ठणठणीत आहे आणि घोळ इंजिनाच्या निवडीत आहे.

२००९ ला रिट्झ आली तेव्हा तिच्यात के१२एमच होतं, पण ८५ पीएसचं आणि बिनव्हीव्हीटीचं. २०११ ला नवी स्विफ्ट आली तिच्यात त्याच के१२एमला व्हीव्हीटी दिलं आणि ताकद ८७ पीएस झाली. पुढे रिट्झलाही व्हीव्हीटी आलं, म्हणून नुसतं 'रिट्झचं इंजिन' म्हटल्यावर काहीच कळत नाही, ते कुठल्या सालच्या गाडीतून निघालंय ते विचारा.

व्हीव्हीटी म्हणजे काय, तर इंजिन ऑइलच्या प्रेशरवर इनटेक कॅम (हवेचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थोडा पुढेमागे फिरवायचा. त्यासाठी एक छोटा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, दोन वायरींचा. ईसीएम त्याला करंट देतो आणि कॅम खरंच हलला का ते सेन्सरवरून बघतो. आता इंजिनावर तो व्हॉल्व्हच नसेल तर ते दोन पिनांचं कनेक्टर मोकळं राहणार आणि स्कॅनरवर पी००१० (त्या व्हॉल्व्हच्या सर्किटचा फॉल्ट कोड) येणार. काही ठिकाणी मग जुना व्हॉल्व्ह त्या कनेक्टरला नुसताच जोडून ठेवतात. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, बॅटरीच्या मागे केबल टायने बांधलेला व्हॉल्व्ह लोंबकळत होता, कोरडा ठणठणीत. ईसीएमला व्हॉल्व्हची कॉइल सापडली म्हणून पी००१० गेला, पण कॅम काही हलेना, म्हणून त्याच्या जागी पी००११ (कॅम सांगितल्या जागी नाही) येऊन बसला. मालकाने तोवर दोन सेन्सर बदलले होते, पैसे गेले ते गेलेच, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा आधी बॉनेट उघडा आणि तो व्हॉल्व्ह इंजिनावर बसलेला आहे का, की हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) एखादी वायर कुठेच न लागता पडलीय, ते स्वतः बघा. नसेल, तर सरळ हे इंजिन परत करा आणि व्हीव्हीटीचं घ्या. तुमचंच हेड या ब्लॉकवर चढवू असं कुणी म्हणेल, पण हेड, पिस्टन, ऑइलचे मार्ग, पुढचं चेन कव्हर हे सगळं एकमेकांशी जुळतंय का ते मशीन शॉपमध्ये मोजल्याशिवाय तो नाद नको.

आणि जुन्या ईसीएमचं म्हणाल तर तो दुसऱ्या गाडीच्या किल्लीला ओळखतो, तुमच्या नाही. इमोबिलायझर (चोरी रोखणारं किल्लीचं लॉक) अडवणार, सेल्फ फिरेल पण गाडी चालू होणार नाही. मग पेअरिंग करा, नाहीतर तुमच्या ईसीएमचा डेटा त्यात कॉपी करा. शिवाय ज्या कारणाने कोड येतोय ते कारण तिथेच राहतं.

समजा इंजिन व्हीव्हीटीचंच निघालं. मग कोड लिहून घ्या (फोटो काढा, क्लिअर केल्यावर कुणाला आठवत नाही), क्लिअर करा, गाडी चालवून परत बघा. जे परत आले ते खरे. त्यानंतर पहिली अर्थ (अर्थिंग, म्हणजे इंजिन ते बॅटरी निगेटिव्हची जोडणी) तपासा, कारण इंजिन उतरवताना अर्थची पट्टी सुटते आणि बसवताना रंगावर किंवा गंजावर आवळली जाते. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. साधारण ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कमजोर. खराब अर्थमुळे सेन्सर चांगले असूनही आकडे चुकीचे दाखवतात आणि सगळे ईसीएमवर बोट ठेवतात.

मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघा. सकाळी गार इंजिनाला कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं. की ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, कोल्हापूरच्या उंचीवर ९५ किलोपास्कलच्या आसपास. आयडलला तो ३०-४० पर्यंत उतरला पाहिजे. उतरत नसेल तर इनटेकला हवा लीक आहे किंवा टायमिंग चेन एखादा दात चुकलीय, आणि सोबत पी००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ नसल्याचा कोड) असेल तर चेनच आधी बघा. सेन्सर, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी शक्यतो तुमच्याच जुन्या इंजिनावरचे लावून घ्या, तुमच्या ईसीएमला तेच माहितीयेत. गाडी नीट होईपर्यंत जुनं इंजिन भंगारात देऊ नका.

हो, आरटीओत नवीन इंजिन नंबरची आरसीवर नोंद करून घ्या, इन्शुरन्सलाही कळवा. इंजिनाचं बिल जपून ठेवा.

प्रश्न : स्विफ्ट डिझेल, जुन्या इंजिनाच्या जागी एर्टिगाचं १.३ टाकलं. चालू होतं पण खडखडतं, धूर मारतं आणि टर्बो लागतच नाही. (नांदेड)

उत्तर : यात दोन गोष्टी आहेत. एर्टिगाचं ते ९० पीएसचं, त्याच्यात व्हीजीटी टर्बो, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलतो. तुमच्या ७५ पीएसच्या स्विफ्टमध्ये फिक्स्ड टर्बो आहे, ईसीएमला ती पाती चालवायचं ठाऊकच नाही. सर्वात सोपं म्हणजे तुमचा जुना टर्बो, त्याचे पाइप आणि मॅनिफोल्ड बसत असतील तर ते लावणं. खडखड आणि धुराचं, तर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड छापलेला असतो, तो स्कॅनरने सिलेंडरप्रमाणे ईसीएममध्ये भरावा लागतो. भरला नसेल तर डिझेल कमीजास्त सुटतं. आधी हे करा, पंप खोलायची घाई नको.

प्रश्न : इंजिन बदलल्यापासून स्कॅनर ईसीएमला जोडलाच जात नाही, यू०१०० (ईसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड) दाखवतो. (वसई)

उत्तर : ईसीएमचे फ्यूज, मेन रिले आणि अर्थ आधी बघा. मग बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास येतात. १२० आले तर कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायरजोडी) कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आले तर शॉर्ट आहे. इंजिन चढवताना हार्नेस गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली चेपलेला मी बऱ्याचदा पाहिलाय, तिथे हात घालून बघा.